शेवटचा कोस : सोलापूरची कोठारे आणि भार वाहणारी माणसे

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याला ‘ज्वारीचे कोठार’ म्हणतात. तिथली काळी जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. चांगल्या सालातील धान्य वाईट सालासाठी राखून ठेवणे ही या अवर्षणप्रवण मुलखाची जुनी रीत. घरात कणगी, वाड्यात बळद आणि जमिनीखाली खोदलेले पेव अशी साठवणीची साधने गावोगाव होती. पेवाचे तोंड लिंपून बंद केले की ज्वारी दीर्घकाळ टिके. आपल्या भाषेतील ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार याच पेवातून आलेला आहे.

या मंगळवेढ्याचे दामाजीपंत महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले ते कोठारामुळेच. बहामनी राजवटीत ते येथे अधिकारी होते. दख्खनच्या दुष्काळांच्या यादीत १४६० च्या सुमाराचा दुष्काळ त्यांच्या नावाने ओळखला जातो. माणसे अन्नावाचून मरत असताना त्यांनी सरकारी कोठारे खुली केली आणि बिदरच्या बादशहाचा रोष ओढवून घेतला, अशी परंपरा सांगते. महिपतींनी आपल्या ‘भक्तविजय’ या १७६२ च्या ग्रंथात ही कथा गायिली आहे. पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. पंढरीचा विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बिदरला गेला आणि त्याने धान्याची किंमत दरबारात भरली.

या कथेचा भक्तिभाव आपल्या जागी आहेच. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तिच्यातील एका तपशिलाकडे लक्ष द्यावे. जुन्या गावगाड्यात सरकारी भरणा कचेरीपर्यंत पोहोचवणे, निरोप नेणे, ओझे वाहणे ही कामे महारांकडे असत. लोकपरंपरेने देवाला रूप दिले ते राजाचे नव्हे, कोठीवाल्याचेही नव्हे. ते दिले पोहोचवणाऱ्याचे.

कोठार कोणी बांधले, कोणी उघडले, याची नोंद इतिहास ठेवतो. कोठारापासून चुलीपर्यंतचे अंतर कोणी कापले, याची नोंद क्वचितच सापडते. आज महानगरांच्या वेशीवर उभ्या राहणाऱ्या अवाढव्य गोदामांविषयी आणि दारात पुडके आणून देणाऱ्या तरुणांविषयी बरेच बोलले जाते. व्यापाराच्या भाषेत या अखेरच्या टप्प्याला ‘लास्ट माइल’ म्हणतात. आपण त्याला शेवटचा कोस म्हणू. हा प्रश्न नवा नाही. सोलापूरच्या इतिहासात तो पुनःपुन्हा उभा राहिला आहे, आणि वितरणाची व्यवस्था न्यायाची होती की नाही, याची परीक्षा प्रत्येक वेळी त्या शेवटच्या कोसावरच झाली आहे.

तांडा आणि आगगाडी

रेल्वे येण्यापूर्वी या भागातील लांब पल्ल्याची वाहतूक लमाणांचे तांडे करीत. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते कोकणच्या बंदरांतील मीठ घाटावर आणीत आणि देशावरचे धान्य व कापूस घेऊन जात. तांड्याचा वेग थोडा, पण त्याला पक्की सडक लागत नसे आणि तो थेट गावाच्या वेशीपर्यंत येई. लांबचा प्रवास एकाचा आणि शेवटचा कोस दुसऱ्याचा अशी फोड त्या काळी फारशी नव्हती. ज्याने माल उचलला, बहुधा तोच तो पोहोचवी.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० साली सोलापूरला येऊन पोहोचली. परंतु त्या वेळी बोरघाटातील लोहमार्ग पुरा झालेला नव्हता. तो १८६३ साली खुला झाला. मधली तीन वर्षे मुंबईकडे जाणारा माल खंडाळ्याला आगगाडीतून उतरवावा लागे, घाटातून बैलगाड्यांनी खाली न्यावा लागे आणि पायथ्याशी पुन्हा गाडीत भरावा लागे. यंत्राने शेकडो मैलांचे अंतर तोडले होते, पण घाटातील ते थोडके मैल बैलाने आणि माणसानेच जोडून दिले.

याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१ ते १८६५) आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासू लागली. सोलापूर-बार्शीकडील कापसाला भाव आला. लोहमार्गालगत वखारींचे महत्त्व वाढले. आगगाडीने तांड्यांचा लांबचा धंदा हळूहळू संपवला आणि त्या जागी नवी विभागणी आली. लांबचा प्रवास भांडवल घातलेल्या कंपनीकडे गेला, शेवटचा कोस मात्र गाडीवान आणि हमाल यांच्याकडे राहिला. ही विभागणी आजतागायत टिकून आहे.

धान्य आले, पण पोहोचले नाही

१८७१ पर्यंत हा लोहमार्ग रायचूरला जाऊन मद्रासकडील मार्गास मिळाला. सोलापूर आता मुंबई आणि मद्रास यांना जोडणाऱ्या मुख्य वाटेवर होते. ज्या गावातून आगगाडी जाते तिथे दुष्काळ कसला, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर ते चुकीचे वाटले नसते. पण १८७६ साली पाऊस पडला नाही आणि हा समज खोटा ठरला.

धान्य मुळीच नव्हते असे नाही. मध्य प्रांतातून आणि उत्तर हिंदुस्थानातून आगगाडीने धान्य येत होते. मुंबई सरकारने ते आणण्याचे काम खासगी व्यापारावर सोपवले होते. अडचण दोन ठिकाणी होती. पहिली भावाची. शेतीचे काम बुडाल्यामुळे मजुराच्या हाती पैसा नव्हता आणि बाजारातील ज्वारी त्याच्या आवाक्याबाहेर गेली होती. दुसरी अंतराची. चारा-पाण्यावाचून बैल मोठ्या संख्येने मेले. स्टेशनावर उतरलेले पोते आडगावी न्यायचे तर गाडीला जुंपायला बैल कुठून आणायचे? लोहमार्गाच्या कडेला धान्य आणि आठ-दहा कोसांवर उपासमार, अशी ती विपरीत स्थिती होती.

सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरीचा दर दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने खाली आणण्यात आला. गावाजवळची लहान कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर पाठवावे, असेही धोरण होते. ज्याच्या अंगात चालण्याचे त्राण उरलेले नाही, त्याच्यावरच शेवटचा कोस चालण्याचा भार टाकला गेला. पुष्कळ मजुरांनी या दराविरुद्ध कामे सोडली. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी अर्थात सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, जिल्ह्याजिल्ह्यांतील हकिगती गोळा करून सरकारपुढे मांडल्या. १८७२ आणि १८८१ या दोन खानेसुमारींची तुलना केली तर सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसते. त्या घटीत किती मरणे आणि किती देशोधडी लागलेली कुटुंबे सामावली असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

बार्शीची छोटी गाडी

१८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळी मुलखात लोहमार्ग वाढवण्याची शिफारस केली. त्या धोरणानुसार सोलापूरजवळच्या होटगीपासून विजापूरमार्गे गदगपर्यंतचा मार्ग १८८४ साली सुरू झाला. मुख्य मार्गापासून बाजूला पडलेल्या गावांचे काय, हा प्रश्न मात्र उरलाच. बार्शी हे त्यांपैकी ठळक उदाहरण. कापसाची व धान्याची एवढी मोठी पेठ, पण स्टेशन तेथून २१ मैलांवर, म्हणजे सुमारे दहा कोस दूर. त्या स्टेशनाचे नावच ‘बार्शी रोड’ होते. तेच आजचे कुर्डुवाडी.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने या दहा कोसांवर उपाय काढला. अडीच फूट रुंदीचा, हलक्या रुळांचा, कमी खर्चाचा मार्ग टाकून त्याने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. चाकांच्या प्रत्येक जोडीवर मर्यादित भार पडेल अशी इंजिने व डबे बांधल्यामुळे रूळ हलके असले तरी चालत. पुढे हा मार्ग १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचला. वारकरी, कापूस, गूळ, शेंगदाणा या सर्वांची ही छोटी गाडी. तरीही तिचे रूळ अरुंद आणि मुख्य मार्गाचे रुंद असल्याने कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. मोठ्या व्यवस्थेचे दोन तुकडे जिथे जुळत नाहीत तिथे हमालाची पाठ उपयोगी पडते, हे बोरघाटात दिसले होते. कुर्डुवाडीला ते अनेक दशके दिसत राहिले.

१९५४ साली हा मार्ग सरकारने ताब्यात घेतला आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व त्यानंतर लगेच तो टप्प्याटप्प्याने रुंद झाला. त्यानंतरची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराचे पाणी आटले तेव्हा मिरजेहून पाण्याची आगगाडी याच वाटेने लातूरला गेली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. छायाचित्रे त्या गाडीची निघाली. परंतु स्टेशनावर आलेले पाणी शुद्ध करून टँकरने वस्त्यावस्त्यांत नेणे आणि तिथून ते घागरींनी घरात जाणे हे खरे काम होते, आणि ते प्रामुख्याने बायकांच्या डोक्यावर व कमरेवर पडले. दुसरे उदाहरण डिसेंबर २०२० चे. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारपर्यंत भाजीपाला व फळे घेऊन जाणारी देशातील शंभरावी किसान रेल्वे सुटली. सांगोल्याची डाळिंबे दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकली, ती बागेपासून स्टेशनापर्यंत कोणीतरी पेट्या वाहिल्या म्हणूनच.

वखारी, नाका आणि हमाल

आता खुद्द सोलापूर शहराकडे वळू. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, आणि तिच्यामागून आलेल्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या यांनी शहराचे रूप पालटले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग घरोघरी वाजू लागले. गिरणीतून सूत, सुताच्या व्यापाऱ्याकडून मागावर, मागावरून कापड चाटी गल्लीतील पेढ्यांवर, पेढीवरून गठ्ठे पुन्हा स्टेशनावर असा मालाचा फेरा अखंड चाले. जुन्या पेठांतील बोळ अरुंद. तिथे मालमोटार शिरत नसे. गठ्ठा हातगाडीवर किंवा पाठीवरच जाई.

शहराच्या वेशीवर जकात नाका असे. जकात भरून माल आत आणावा की नाक्याबाहेरच वखारीत ठेवावा, हा व्यापाऱ्याचा नित्याचा हिशेब. या हिशेबाचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे फलित म्हणजे भिवंडी. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईला अगदी लागून असलेल्या तिथल्या खेड्यांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. सोलापूरच्या पद्मशाली कुटुंबांचे भाऊबंद भिवंडीच्या यंत्रमागांवरही काम करतात, त्यामुळे या दोन शहरांचे नाते जवळचे आहे. पुढे जकात गेली, स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. पूर्वी राज्याराज्यांतील विक्रीकराच्या भेदामुळे कंपन्या प्रत्येक राज्यात लहान-मोठे गोदाम ठेवीत. तो भेद गेल्यावर थोडी पण फार मोठी गोदामे ठेवणे किफायतशीर झाले. गोदामाची जागा रस्त्याइतकीच कराच्या नियमांवरून ठरते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या सर्व उलाढालीत हमाल कोणाचा नोकर होता? आडत्या म्हणे, माझा नाही. व्यापारी म्हणे, माझा नाही. मालमोटारवाला म्हणे, माझा तर नाहीच. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेणाऱ्या माणसाला आजारपणात, म्हातारपणात कोणी धनी उरत नसे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या रूपाने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांच्या संघटनेद्वारे या प्रश्नाला वाचा फोडली. त्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्यातील युक्ती साधी पण दूरदृष्टीची आहे. कामगाराचा मालक एक नसला तरी चालेल. कामगाराने व मालकांनी मंडळाकडे नोंदणी करायची, मालकाने मजुरीबरोबर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, औषधपाणी यांची सोय करायची. या कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही. तरीही ‘धनी अनेक असले म्हणून जबाबदारी नाहीशी होत नाही’ हे तत्त्व महाराष्ट्राने तेव्हाच कायद्यात लिहून ठेवले.

काम गावापाशी आले

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना अजून आहेत. खडी फोडण्याची कामे, मिलो ज्वारी, सुकडी, रेशनच्या दुकानापुढील रांगा. सोलापूर जिल्हा तेव्हाही होरपळला. परंतु १८७६ प्रमाणे मृत्यूचे थैमान झाले नाही. याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक महत्त्वाचे कारण असे की या वेळी दुष्काळी कामे मोठ्या संख्येने गावांच्या जवळ निघाली आणि रास्त भावाची दुकाने पायी जाण्याच्या अंतरावर होती. अन्न आणि मजुरी ही दोन्ही माणसाकडे काही कोस चालून आली.

याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावे आणि त्याहून दूर दिल्यास जादा मजुरी द्यावी, असे नमूद झाले. टेंपलसाहेबांच्या काळी मजुराने दूर जावे हा दंडक होता. सव्वाशे वर्षांनी तो पार उलटा झाला, आणि शेवटच्या कोसाची किंमत कायद्याने मोजली गेली.

पत्ता आणि पोस्टमन

घरपोच माल आणि पैसे दारात, ही पद्धत अगदी आधुनिक आहे असे तरुण मंडळी समजतात. वस्तुतः आपल्या टपाल खात्याने ‘व्ही.पी.’ म्हणजे मूल्यदेय टपालाची सोय १८७७ सालीच सुरू केली होती, आणि १८८० पासून मनिऑर्डर आली. पुण्या-मुंबईच्या दुकानातील पुस्तक, औषध किंवा घड्याळ खेड्यातील माणूस पोस्टमनच्या हाती पैसे देऊन सोडवून घेई. मुंबईच्या गिरणीतील मुलाने पाठवलेले पैसे त्याच पोस्टमनच्या हातून आईच्या हाती पडत. पत्र वाचून दाखवणेही पुष्कळदा त्याच्याकडेच असे.

एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि अपुरे पत्ते यांमुळे टपालाची वाटणी कठीण होई. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने पिन क्रमांकाची योजना आखली. वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, म्हणजे त्या दुष्काळाच्याच वर्षी, ती योजना अमलात आली. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन वाटपाचे टपाल कार्यालय दाखवतात. सोलापूरचा ४१३००१, मंगळवेढ्याचा ४१३३०५. आज ज्या खासगी कंपन्या पुडकी वाटतात त्यादेखील याच सहा आकड्यांवर विसंबून आहेत. आकडा टपाल कार्यालयापर्यंत नेतो. तेथून पुढे कोणत्या बोळात, कोणत्या जिन्याने जायचे हे अजूनही पोहोचवणाऱ्यालाच ठाऊक असते.

आजचे कोठार, आजचा भारवाहक

फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ साली सुरू झाली, २०१० साली तिने दारात पैसे घेण्याची पद्धत आणली आणि २०१३ साली अॅमेझॉन भारतात आली. त्यानंतर मध्यम शहरांतही हा व्यवहार झपाट्याने वाढला. दूरच्या मोठ्या गोदामांतून निघालेला माल रात्रभर महामार्गावरून धावतो, शहराच्या कडेच्या लहान गोदामात उतरतो, तिथे भागवार वाटला जातो आणि ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून किंवा दुचाकीवरच्या मोठ्या पिशवीतून घरोघर जातो. एका मालमोटारीत हजारो पुडकी एका चालकाच्या श्रमावर शेकडो किलोमीटर जातात. शेवटच्या टप्प्यात मात्र प्रत्येक पुडक्यासाठी स्वतंत्र दार, स्वतंत्र जिना आणि घर बंद असल्यास दुसरी फेरी. म्हणूनच संपूर्ण प्रवासात हा टप्पा अंतराने सर्वांत लहान आणि त्या मानाने सर्वांत महाग असतो. काटकसरीची कात्रीही साहजिकच इथेच चालते. पुष्कळ ठिकाणी मोबदला पुडक्यामागे असतो. दुचाकी, पेट्रोल आणि पडझड हे सारे त्या तरुणाचेच.

या तरुणाला कंपनी नोकर म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. हमाल कोणाचा, हा जुना प्रश्न नव्या शब्दांत परत आला आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा प्रकारच्या कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज केला होता. राजस्थानने २०२३ साली यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी देण्याची तरतूद आहे. पाहणाऱ्याला यात १९६९ च्या माथाडी कायद्याची छाया सहज दिसेल. कायद्यातील तरतूद हे कोठार आहे असे म्हटले, तर ती कामगाराच्या हाती पडणे हा पुन्हा शेवटचा कोसच आहे.

ख्रिस्तसभेची पहिली तक्रार

या विषयाशी धर्मगुरूचा संबंध काय, असे कोणी विचारील. उत्तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. आरंभीच्या ख्रिस्तसभेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. भांडार रिकामे नव्हते. श्रद्धावंत आपली जमीन विकून पैसे आणून देत होते. उणीव वाटपात होती, आणि ज्यांची भाषा वेगळी, ज्यांचे पाठीराखे थोडे, त्यांच्याच वाट्याला ती येत होती. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही. त्यांनी स्तेफन, फिलिप आदी सात जणांना निवडून घेतले आणि प्रार्थनापूर्वक हात ठेवून त्यांच्यावर हे काम सोपवले. त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातूनच वाटणारे निवडले गेले, असे त्यावरून दिसते. अन्न शेवटच्या दारापर्यंत नेणे हे हात ठेवून द्यावयाचे सेवापद आहे, असा निर्णय ख्रिस्तसभेने आपल्या बाल्यावस्थेतच घेतला.

प्रभूने सांगितलेला धनवान मूर्खाचा दाखलाही कोठारांविषयीचा आहे. पीक उदंड आल्यावर त्याला एकच सुचते, जुनी कोठारे मोडून मोठी बांधावीत. त्याच्या साऱ्या विचारात घेणारा नाही आणि पोहोचवणारा तर नाहीच. पुढे १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरूम नोवारुम’ या परिपत्रकाद्वारे कामगाराच्या न्याय्य वेतनाचा पुरस्कार केला. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी हेच नाव धारण करताना त्या परिपत्रकाचे स्मरण केले आणि यंत्रबुद्धीच्या या युगात मानवी श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे, असे प्रतिपादन केले.

देशावरील आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांचे पूर्वज ओझी वाहणाऱ्यांतलेच होते. आज त्यांचीच काही नातवंडे पाठीवर पिशवी घेऊन शहरभर फिरत आहेत. म्हणून हा इतिहास आपल्या घरचा आहे, आणि त्याने आपल्याला काही साध्या गोष्टी करायला सांगाव्यात हे योग्य आहे. २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ नोंदणी सुरू आहे. प्रत्येक धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर दोन-चार सुशिक्षित तरुणांनी बसून अशा कामगारांची नोंदणी करून द्यावी. तो आपल्या धर्माचा असो वा नसो. आपल्या वसाहतीत पुडके आणणाऱ्याला पिण्याचे पाणी आणि क्षणभर सावली मिळावी, म्हाताऱ्या माणसांचे नसेल तर तिसऱ्या मजल्यावरचे सामान आपण खाली उतरून घ्यावे. धर्मग्रामाच्या मदतीचे वाटप करताना देवळाशेजारच्या घरापासून नव्हे, तर सर्वांत दूरच्या घरापासून सुरुवात करावी.

आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याचे नाव विचारावे. तांड्यांतील लमाणांची, कुर्डुवाडीच्या हमालांची, १८७७ साली दूरच्या कामांवर चालत गेलेल्यांची नावे कुठल्याही दप्तरात आपल्याला आज सापडत नाहीत. निदान आपल्या काळाविषयी तरी तसे म्हणण्याची पाळी पुढच्या पिढीवर येऊ नये.